मागच्या ओळीला हात लावायचा नाही

माझ्या दादाला कामावर कुणी त्याच्या नावानं हाक मारत नाही. सगळे त्याला तपासूनराव म्हणतात. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं: "तपासून सांगतो." चहात साखर आहे का? तपासून सांगतो. बाहेर ऊन आहे का? तपासून सांगतो, आणि खरंच खिडकीपर्यंत जाऊन बघणार. लहानपणी मला झोपाळ्यावर बसवायच्या आधी तो दोन्ही दोर तीन-तीनदा ओढून बघायचा, आणि तेवढ्यात शेजारची पोरगी झोपाळा पटकावून मोकळी व्हायची. मी भोकाड पसरायचे. तो म्हणायचा, "रड. पडण्यापेक्षा बरं."

अशा माणसाला कर चुकवणारा ठरवलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. आता त्या गोष्टीची आठवण झाली तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

दादा लिफ्टचं काम करतो. गेली तीस वर्षं. लिफ्टमध्ये आपण बटण दाबतो, आरशात केस नीट करतो आणि उतरतो. वर गच्चीवर एक मशीन रूम असते याचा आपल्याला पत्ताही नसतो. लोखंडी दार, ग्रीसचा वास, मोटरची घरघर आणि खिळ्याला सुतळीनं बांधलेलं एक रजिस्टर. महिन्यातून एकदा दादासारखा कुणीतरी येतो, दोर बघतो, ब्रेक बघतो, प्रत्येक मजल्यावरच्या दाराचं लॉक बघतो, खाली खड्ड्यात उतरतो, आणि मग रजिस्टरात तारीख, वेळ, काय-काय बघितलं ते लिहून सही करतो. त्या सहीच्या भरवशावर पुढचा महिनाभर शेकडो माणसं वरखाली करतात.

ज्यानं दादाला हे काम शिकवलं त्या उस्तादानं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, जे डोळ्यांनी बघितलं नाही त्यावर सही करायची नाही. दोन, रजिस्टरातल्या मागच्या ओळीला हात लावायचा नाही. काही चुकलं, काही राहिलं, नंतर लक्षात आलं, तर खाली नवी ओळ आणि आजची तारीख. मागं जाऊन खाडाखोड करणारा लिफ्टवाला एक दिवस माणसं मारतो, असं उस्ताद म्हणायचा.

दादानं हे इतकं मनावर घेतलं की घर घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही सगळे खोल्या, नळ, खिडक्या बघत होतो आणि हा गायब. अर्ध्या तासानं खाली आला. वहिनीनं विचारलं, "कसं वाटलं घर?" तर म्हणतो, "ब्रेक छान धरतो. रजिस्टर पण नीट ठेवलंय." सहाव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर असं पसंत झालं. पुढच्या खोलीत वहिनीनं पाळणाघर सुरू केलं. आजही तिथं रोज अकरा पोरं असतात आणि दाराबाहेर बावीस चिमुकले बूट ओळीनं लावलेले असतात. ओळ दादा लावतो, कामावर निघताना.

आता मुख्य गोष्ट सांगते. सतरा वर्षांपूर्वी लिफ्टच्या कंपनीनं सगळ्या कारागिरांना हॉलमध्ये बोलावलं आणि सांगितलं, उद्यापासून तुम्ही आमचे नोकर नाही, पण उद्या वेळेवर कामावर या. त्याच लिफ्ट, तोच गणवेश, तीच हत्यारांची पिशवी. फक्त पगार एका मधल्या कंपनीकडून येणार. ज्याला नको असेल त्यानं खुशाल जावं, बाहेर रांग आहे. दोघांनी नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरे दोघे होते.

मग त्या मधल्या कंपनीचा माणूस कँटीनमध्ये आला. कडक इस्त्रीचा कोट, हातात फायली. त्यानं समजावलं की पगाराचा थोडा भाग पगार म्हणून मिळेल आणि बाकीचा कर्ज म्हणून. कर्जावर कर नसतो.

दादानं हात वर केला. "फेडायचं कधी?"

"फेडायचं नाही."

"मग ते कर्ज कसलं?"

"कागदावरचं हो!" कोटवाला म्हणाला, आणि सगळे हसले. दादा हसला नाही. त्यानं विचारलं, "कायद्यात बसतं ना? लेखी द्याल?" कोटवाल्यानं लेखी दिलं. मोठ्या वकिलाचं मत, तीन पानं, वर सोनेरी छाप.

आता मला शहाणे लोक भेटतात आणि म्हणतात, तुमच्या भावाला कळायला हवं होतं. त्यांना मी एवढंच सांगते की त्यात दादाच्या पदरात काय पडलं ते आधी बघा. वाचलेल्या कराचा मोठा लचका मधल्या कंपनीनं फी म्हणून तोडला. लिफ्टच्या कंपनीला ना रजेचा पगार द्यावा लागला, ना आजारपणाचा, ना म्हातारपणासाठी काही बाजूला टाकावं लागलं. दादाच्या हातात आधीपेक्षा जे जास्त आलं, त्यात वहिनीच्या पाळणाघराच्या सतरंज्या आल्या. बस्स.

आणि एवढ्यावरही त्याचं समाधान झालं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो करखात्याच्या कचेरीत गेला, खिडकीपुढं रांगेत उभा राहिला आणि कारकुनाला विचारलं, असं-असं आहे, मी काय करू? कारकुनानं फॉर्म उलटला आणि चौथ्या पानावर खाली एक चौकट दाखवली. अशी योजना वापरत असाल तर तिचा नोंदणी क्रमांक इथं लिहा.

"लिहिला की झालं?"

"झालं. तुम्ही उघड सांगितलंत. अजून काय पाहिजे?"

सहा वर्षं दादानं ती चौकट भरली, सुवाच्य अक्षरात. त्याच्याबरोबर काम करणारा गोट्या (हा जन्मापासून गोट्या, साठीला आला तरी गोट्याच) त्याला हसायचा. "अरे तपासूनराव, कशाला खाजवून खरूज काढतोस? रिकामी ठेव. कोण बघतंय?" दादा म्हणायचा, "त्यांनी विचारलंय. मग सांगायला नको?" दरवर्षी खात्याकडून पोच यायची. एका वर्षी तर, तुम्ही चुकून थोडा कर जास्त भरला आहे, असं म्हणून त्यांनी पैसे परत पाठवले, वर दिलगिरी. ते पत्र दादानं वहिनीला दोनदा वाचून दाखवलं होतं. "बघ, किती काटेकोर माणसं आहेत."

पुढं मधली कंपनी गुंडाळली गेली आणि कारागीर पुन्हा लिफ्टच्या कंपनीत आले. सगळं संपलं. नऊ वर्षं गेली. आणि दोन वर्षांपूर्वी एक लिफाफा आला.

नवा कायदा झाला होता. ते जे जुनं कर्ज, ते सगळंच्या सगळं तुम्हाला या वर्षी एका दिवसात पगार म्हणून मिळालं असं धरण्यात येत आहे. त्यावर एकदम कर भरा, वर व्याज भरा. आकडा दादाच्या तीन वर्षांच्या अख्ख्या पगाराएवढा. जुन्या कायद्यात खात्याला हिशेब विचारायला चार वर्षांची मुदत होती. ती त्यांनी झोपेत घालवली, मग जागे झाले आणि मुदतच बदलून टाकली. वरातीमागून घोडं आपण ऐकलंय. इथं नवरदेवाचे केस पिकले आणि मग घोडेवाला भाडं मागायला आला, तेही चक्रवाढ व्याजासकट.

दादा कसा सापडला माहिती आहे? त्या चौकटीतून. ज्यांनी क्रमांक लिहिला होता त्यांची यादी खात्याकडं आयती तयार होती. गोट्याला लिफाफा आला नाही. ज्या लिफ्ट-कंपनीनं हे सगळं घडवून आणलं तिलाही आला नाही. आणि कोटवाला? त्यानं नवं दुकान थाटलं होतं. मी स्वतः त्याची जाहिरात बघितली: 'जुन्या कराच्या नोटिशीनं हैराण आहात? पहिली भेट मोफत.' मी त्याला फोन लावला.

"ताई," तो गोड आवाजात म्हणाला, "तेव्हा ते कायद्यात बसत होतं."

"आणि आता?"

"आता कायदा बदलला. आपण फीचं बोलूया का?"

माझं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्या वेळी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी फोनवर जे बोलले ते ऐकून त्यातलं एक पँट माझ्याकडंच टाकून निघून गेलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. फरक इतकाच की इथं चोर सुळीचे दोर विकायला बसला होता.

वकील झाले. त्यांची फी ऐकूनच आम्ही जिना उतरलो. मग खात्यानं एक मार्ग दिला: दहा वर्षांचे हप्ते बांधून देतो, पण समझोत्याच्या कागदावर सही करा. महिनाअखेरपर्यंत सही नाही, तर पूर्ण रक्कम एकदम, आणि तीही नाही तर घरावर जप्ती. दादानं कागद घरी आणून वाचला. सगळा वाचला, दोनदा. तिसऱ्या परिच्छेदावर त्याचं बोट थांबलं. 'मी कर चुकवण्याच्या हेतूने, जाणूनबुजून, सदर योजनेत भाग घेतला हे मला मान्य आहे.'

"पैशाचं बघू कसंतरी," तो म्हणाला. "पण हे खरं नाही."

आम्ही दोघं कचेरीत गेलो. दादाच्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं एक जुनं रजिस्टर होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंपुढं आम्हाला बसवलं. वयानं लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर साय धरलेला चहा. वाईट नव्हती ती. तसं सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण मला तिचा फार राग आला होता.

"मॅडम, मी पैसे भरतो," दादा म्हणाला. "एवढं एक वाक्य काढा."

"छापील आहे हो. सगळ्यांना तेच."

"मग खोडत नाही. खाली एक ओळ लिहितो, की हे मला मान्य नाही."

"जास्तीचं काही लिहिलंत तर कागद बाद होतो."

दादानं फडकं सोडून रजिस्टर तिच्यापुढं उघडलं. "ही तुमच्याच इमारतीची लिफ्ट. आत्ता आम्ही जिच्यातनं वर आलो ती. ही बघा ती सहा वर्षं, बहात्तर महिने. सगळ्या सह्या माझ्या. तुमची कचेरी आमच्या कंपनीला बिल भरत होती आणि मला पगार त्याच मधल्या कंपनीकडनं मिळत होता. मी चोरून काही केलं असतं, तर तुमच्या डोक्यावर बसून केलं असतं का?"

बाईंनी दोन-तीन पानं उलटली. मग उठून आतल्या साहेबांना घेऊन आल्या. साहेबांनी उभ्याउभ्याच पान बघितलं आणि म्हणाले, "इमारतीची देखभाल हा वेगळा विभाग आहे."

"आणि लाज कुठल्या विभागात येते?" मी विचारलं. दादानं माझं कोपर ओढलं, रजिस्टर पुन्हा फडक्यात गुंडाळलं, आणि जाताना बाईंना "येतो" म्हणाला. हा त्याचा स्वभाव मला कधी आवडला नाही.

घरी आलो तर पोरांच्या झोपेची वेळ झालेली. सतरंज्यांवर अकरा पोरं आडवी. आम्ही स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलत होतो. आणि तिथं मी जे बोलले ते मला आज परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

"दादा, कर सही आणि सोड विषय. एका सहीनं काय होतंय? सगळं जग न वाचता सह्या करतं. मोबाइल घेताना ऐंशी पानं असतात, तू वाचतोस?"

"वाचतो," तो म्हणाला.

खरंच वाचत असणार. मी कपाळाला हात लावला. वहिनी म्हणाली, "मी सही करा असं म्हणत नाही. तुम्हाला पटत नसेल तर नका करू. मला फक्त एवढं सांगा, जप्ती आली तर ही पोरं मी कुठं झोपवायची? पाळणाघराचा परवाना या पत्त्यावर आहे."

दादा उठून दारापाशी गेला आणि पुढच्या खोलीत बघत राहिला. एका पोरीनं सतरंजी सोडून फरशीवर लोळण घेतली होती. त्यानं तिला उचलून जागेवर ठेवलं. मग आमच्याकडं न बघता म्हणाला, "बरं."

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला कचेरीच्या फाटकाशी भेटायचं ठरलं होतं. मी उभी होते रस्त्याकडं बघत, आणि दादा आला आतून. हात ग्रीसनं काळे.

"अरे, कुठं होतास?"

"वर थोडं काम होतं."

त्यानं नळावर हात धुतले. नखं सुद्धा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. बाईंनी बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली, सव्वादहाला. एरवी त्याची सही झटक्यात होते. त्या दिवशी अक्षर-अक्षर वेगळं काढल्यासारखी केली. बाई म्हणाल्या, "सुटलात बघा." दादानं पेनाला टोपण लावून ते तिच्यापुढं ठेवलं.

मला वाटलं, झालं, सुटलो. घरी जाऊन मी झोपसुद्धा काढली. आणि दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला की दादानं सहीचा परवाना कंपनीत परत केला. लिफ्टवाल्याला तपासणीची सही करायला परवाना लागतो. तो नसला की माणूस मदतनीस, हाताखालचा. पगारही तसाच. मी दुकान तसंच टाकून धावत गेले.

"डोकं फिरलंय का तुझं? आता हप्ते भरायचे आणि पगार कमी?"

"भागेल. शनिवारी जास्तीचं काम घेतलंय."

"पण का?"

दादा बूट ओळीत लावत होता. "मी खोट्यावर सही केली," तो म्हणाला. "आता माझी सही लिफ्टवर कशी चालेल?" दोर झिजलाय, बदलायला हवा, हे तो ज्या आवाजात सांगतो त्याच आवाजात.

"कुणाला कळणार आहे?"

"अगं, लोक आत उभे असतात."

मी तशीच दुकानाकडं परत निघाले.

त्याच्या वाट्याच्या लिफ्ट गोट्याला मिळाल्या. होय, गोट्याला, ज्यानं चौकट रिकामी ठेवली. आणि दादा त्याच्या हाताखाली पिशवी घेऊन फिरू लागला. मला गोट्याचा इतका संताप आला की त्याच्याशी बोलणं सोडलं.

सहा महिन्यांनी मला कचेरीत जावं लागलं. हप्ते बुडाले तर कुणीतरी नातेवाईक जामीन पाहिजे, असं खात्याचं नवं पत्र आलं होतं, आणि मी जामीन राहणार होते. खाली लिफ्टपाशी गोट्या उभा. मी तोंड फिरवलं. तो मागं आला.

"ताई, रागावू नका. एक दाखवायचंय. दोन मिनिटं. वर चला."

"दादा कुठाय?"

"खाली खड्ड्यात. सगळं तोच बघतो अजून. मी नुसता सहीचा कोंबडा काढतो."

मशीन रूममध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. मोटर घरघरत होती. गोट्यानं सुतळीला लटकणारं रजिस्टर उघडलं, मागची काही पानं उलटली आणि बोट ठेवलं. दादाचं अक्षर. तारीख समझोत्याच्या दिवसाची. वेळ, सकाळी नऊ पन्नास.

'दोर, ब्रेक, दारांची लॉकं, खड्डा तपासले. ठीक. आजपर्यंतच्या माझ्या सर्व नोंदी प्रत्यक्ष बघून केल्या आहेत. त्या खऱ्या आहेत. उद्यापासून माझी सही धरू नये.' आणि खाली सही, झटक्यात केलेली, त्याची नेहमीची.

म्हणजे त्या सकाळी तो आधी वर आला होता. सही खरी होती तोवर ती शेवटची वापरून घेतली, मग तिसऱ्या मजल्यावर येऊन खोट्यावर केली. आणि मी फाटकाशी घड्याळ बघत उभी होते. खात्यानं त्याच्याकडून पैसे घेतले, ते घेऊ देत. पण ती सही मी मागितली होती. 'एका सहीनं काय होतंय' असं म्हणून.

दादाच्या नोंदीखाली एक ओळ कोरी होती. त्याखाली गोट्याची सही.

"ही ओळ का सोडलीस?" मी विचारलं.

गोट्यानं मान खाली घातली. "लगेच त्याच्या खाली करायला हात धजेना."

मी जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर उतरले. त्याच बाई, तसाच चहा. त्यांनी जामिनाचा कागद पुढं केला, शेवटच्या पानावर फुली मारलेली जागा दाखवली आणि पेन दिलं. "इथं सही करा. बाकी सगळं नेहमीचंच आहे."

"तपासून करते," मी म्हणाले.

माझ्यामागं रांग होती. कुणीतरी घसा खाकरला, कुणीतरी घड्याळ बघितलं. एकूण नऊ पानं होती. मी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं.